एका बटणाखाली पाच गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. माझी नळी जाड आणि जड आहे, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे, आणि अंगावर आता ओरखडे बरेच आहेत. माझी गोष्ट फारशी सुखाची नाही. तरी ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. नळीच्या आत पिळाचे चर कोरणारे यंत्र जेवढा वेळ एकीला देई, तेवढाच दुसरीला. मला दस्त्याच्या खाचेत बसवले, स्क्रू आवळले, दोन-चार गोळ्या झाडून पाहिल्या, ठप्पा मारला आणि खोक्यात घातले. शेतात बिळे करणाऱ्या लहान प्राण्यांना दुरून टिपण्यासाठी आम्हाला बनवले होते. मी ठीक होते. 'ठीक' यापेक्षा जास्त कोणी मला त्या वेळी म्हटले नसते.

तिथून मी रेल्वेने अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या पार ईशान्य कोपऱ्यात, सँडक्रीक नावाच्या गावी आले. गाव म्हणजे धान्याची उंच कोठारे, एक चर्च, ट्रॅक्टर दुरुस्तीचे एक दुकान आणि चहूबाजूंनी वारा. मी हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या डब्यांवर टांगलेली असे. तिथूनच आर्विड लोकेनने मला घरी नेले.

आर्विड उंच, हाडकुळा आणि कमी बोलणारा शेतकरी होता. त्याची क्वीनी नावाची घोडी आदल्या दिवशी गोफरच्या बिळात पाय जाऊन पडली होती. गोफर म्हणजे जमिनीत राहणाऱ्या खारी. लसूणघासाच्या शेताची त्यांनी चाळण केली होती. घोडीचे हाड कातडी फाडून बाहेर आले होते. आर्विडने तिचे डोके मांडीवर घेतले आणि वडिलांच्या जुन्या बंदुकीने तिला सोडवले. मग तो दुकानात आला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ती काढ."

पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला फार निराश केले. पहिली गोळी मी नीट मारी. पण नळी तापली की ती दस्त्याच्या लाकडाला घासू लागे आणि गोळी बाजूला सरके. पाऊस पडला की लाकूड फुगे आणि मी वेगळ्याच दिशेला ओढली जाई. आर्विड नेम धरी एकीकडे आणि लागे दुसरीकडे. कितीतरी गोफर जखमी होऊन फरपटत बिळात गेले.

एकदा त्याची बायको मार्लिस बांधावर जेवण घेऊन आली. तिच्या पायाशीच एक गोफर होता. मागचे अर्धे अंग निकामी झालेले, आणि पुढच्या दोन पायांनी तो माती ओढत होता. मार्लिसने डबा खाली ठेवला, फावडे उचलले आणि एका घावात त्याची सुटका केली. मग ती नवऱ्याकडे वळली.

"हे काय चाललंय, आर्विड?"

"बंदूक नीट लागत नाही."

"मग नीट कर, नाहीतर बंद कर. मारायचं तर मार. असं अर्धं मारून सोडू नकोस. मला रात्री झोप लागत नाही."

आर्विड मान खाली घालून उभा राहिला. त्याच संध्याकाळी त्याने मला पिकअपमध्ये घातले आणि डेल्मर हाउगकडे नेले.

डेल्मर ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. तो गोल, बडबड्या आणि हसरा होता. आर्विडचा तो शाळेपासूनचा मित्र. त्याने मला हातात घेतले, माझी मागची सरकती खिटी, म्हणजे बोल्ट, काढून नळीतून उजेड पाहिला आणि म्हणाला, "पोरगी चांगली आहे रे. पण हिला घाईघाईत कपडे घातलेत. अंगावर बसलेच नाहीत."

"होईल का काही?"

"हिवाळा कशासाठी असतो? बर्फ पडू दे. मग बघू."

मित्रांनो, तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ. आर्विडच्या शेडमध्ये लोखंडी शेगडी धगधगत असे. डेल्मरने मला दस्त्यातून सोडवले. एका गोल दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून दोघांनी दस्त्याची खाच घासली. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागद सहज सरकेपर्यंत ते घासत राहिले. आता नळी कितीही तापली तरी तिला अडवायला कोणी नव्हते.

मग माझे मधले लोखंड जिथे टेकते, तिथे त्यांनी दोन डब्यांतले कालवून दगडासारखे घट्ट होणारे लुकण भरले. मी त्यात चिकटू नये म्हणून लोखंडाला मेण चोळायचे असते. ते आर्विडने चोळले, पण एक कोपरा राहून गेला. दुसऱ्या दिवशी मी हलेना.

"लग्न लागलं हिचं," डेल्मर म्हणाला. "आता घटस्फोट थंडीनेच होईल."

त्यांनी मला डीप फ्रीझरमध्ये, हरणाच्या मांसाच्या पुडक्यांवर ठेवले. मार्लिस मका काढायला आली. तिने झाकण उघडले, मला पाहिले आणि शेडच्या दिशेने ओरडली, "हिला भाजायचं की शिजवायचं, तेवढं सांगा!" डेल्मर हसता हसता खोकू लागला. लोखंड आक्रसले, एक टणत्कार झाला आणि मी सुटले.

नळीच्या तोंडाशी एक बारीक खवला होता. गोळी बाहेर पडताना तो तिला ढकलत असे. डेल्मरने गोल डोक्याचा पितळी स्क्रू हाताच्या ड्रिलमध्ये बसवला, त्याला घासायची पेस्ट लावली आणि नळीचे तोंड फिरवून फिरवून साफ केले. काडतुसेही ते घरीच भरू लागले. प्रत्येकात बंदुकीची दारू तोलून घालत. थोडी कमी, थोडी जास्त, मला कोणती मानवते ते पाहत.

शेवटी चाप. कारखान्यातून आलेला माझा चाप इतका जड होता की तो ओढताना नेम हलत असे. डेल्मरने बारीक स्क्रू फिरवून तो हलका केला. मग रिकामी असताना माझा बोल्ट बंद करून त्याने माझा दस्ता फरशीवर दणकन आपटला. पुन्हा आपटला. बोल्ट जोरात उघडला, जोरात लावला.

"हे कशाला?" आर्विडने विचारले.

"चाप फार हलका झाला तर हादऱ्यानेच सुटतो. बोट न लावता. हे बघ, सुटला नाही. म्हणजे इथेच थांबायचं. याच्या खाली जायचं नाही, आर्विड. मजेत नाही सांगत."

त्याने मार्लिसकडून नखांना लावायचे लाल पॉलिश मागून घेतले आणि स्क्रूवर त्याचा एक थेंब सोडला. थेंब वाळला. "हे माझं कुलूप," तो म्हणाला. "हे तुटलेलं दिसलं तर मी तुझ्याबरोबर शेतात येणार नाही."

वसंतात मी शेतात परत गेले, तेव्हा मी वेगळीच होते. कागदावर झाडलेल्या पाच गोळ्यांची भोके डेल्मरच्या शर्टाच्या एका बटणाखाली झाकली गेली. गोफर उभा राहिला की जागच्या जागी पडे. फरपटणे संपले. मार्लिस बांधावर आली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे बरं झालं." तिने मला दिलेली शाबासकी तेवढीच. पण मला ती पुष्कळ वाटली.

जुलैच्या जत्रेत धान्यकोठारांमागे नेमबाजी होई. आर्विडने तिथे मला नेले आणि तो जिंकला. जो माणूस चर्चमध्येही मागच्या बाकावर बसे, त्याला लोक रस्त्यात थांबवू लागले. "काय बटण, कसं काय?" म्हणू लागले. आर्विड लाजे, पण घरी येऊन मला पुसताना गुणगुणत असे. पुढच्या वर्षीही तो जिंकला. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या गावच्या एकाने त्याला केसाएवढ्या फरकाने हरवले.

डेल्मर म्हणाला, "त्याची बंदूक तुझ्या पिकअपपेक्षा महाग आहे. दुसरा आलास हेच खूप झालं."

आर्विडने मला पिकअपमध्ये घातले. पण त्या हिवाळ्यात तो शेडमध्ये एकटाच बसू लागला. वेगळी दारू, वेगळ्या गोळ्या, माझ्यावर बसवलेल्या दुर्बिणीचे वेगळे स्क्रू. कशानेच काही फरक पडेना, कारण माझ्यात जेवढे होते तेवढे बाहेर आले होते. मग त्याची नजर त्या लाल थेंबावर गेली. त्याने तो टोकदार सुईने खरवडून काढला. चाप हलका केला. मग आणखी हलका केला, इतका की बोटाची चाहूल लागावी आणि तो सुटावा. त्याने मला फरशीवर आपटून पाहिले नाही. आपटले तर काय होईल हे त्याला बहुधा माहीत होते. मग त्याने घरातून मार्लिसची बाटली आणली आणि स्क्रूवर नवा लाल थेंब सोडला. अगदी पहिल्यासारखा.

मे महिन्यातली सकाळ होती. थंडी अजून गेली नव्हती. डेल्मर आला. त्याची बायको व्हर्ना चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. तिने दालचिनीचे रोल करून दिले होते. दोघांनी पिकअपच्या बॉनेटवर वाळूची पिशवी ठेवली. डेल्मरने मला उचलले, चापाजवळ डोळा नेला आणि लाल थेंब पाहिला.

"याला हात लावला नाहीस ना रे?"

"नाही."

"बरं," असे म्हणून त्याने मला आर्विडच्या हाती दिले. मित्राच्या शब्दावर त्याने मला आपटून पाहिले नाही. नाहीतर नेहमी पाहत असे.

डेल्मर पिकअपच्या पुढून पलीकडे गेला. थर्मासमधून कॉफी ओतू लागला. तेवढ्यात शेतात एक गोफर उभा राहिला. आर्विडने घाईने मला वळवले आणि वळवता वळवता बोल्ट पुढे ढकलून लावला. त्याचे बोट चापावर नव्हते. मी सुटले.

गोफरसाठी केलेली गोळी अंगात शिरली की फुटते. तिचे कामच ते. ती डेल्मरच्या बरगडीखाली लागली.

तो खाली बसला. कॉफी त्याच्या हातावर सांडत होती, त्याला ते कळत नव्हते. आर्विड मला टाकून धावला आणि त्याने आपला कोट जखमेवर दाबला. डेल्मरने बॉनेटकडे पाहिले, मग आर्विडकडे पाहिले.

"लावला होतास ना हात?"

आर्विडने होकाराची मान हलवली. डेल्मरने डोळे मिटले. सँडक्रीक तिथून दूर, आणि दवाखाना त्याहून दूर. आर्विडने पिकअप खड्ड्याखाचांतून हाणला. पण वाटेतच डेल्मर गेला.

शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, मला कपाटात बंद केले. त्याने चाप तपासला. तो म्हणाला, चाप फार हलका होता, पण असे हलके चाप बरेच जण ठेवतात. हा अपघात. गावानेही तेच म्हटले. चर्चच्या तळघरात बायकांनी जेवण मांडले. सगळे आर्विडच्या खांद्यावर हात ठेवून गेले. व्हर्नानेही त्याला दोषाचा एक शब्द सुनावला नाही. तिने एवढेच विचारले, "शेवटी काही बोलला का?"

आर्विड म्हणाला, "तुझं नाव घेतलं."

हे सारे मला पुढे आर्विडच्याच तोंडून कळले.

काही आठवड्यांनी शेरीफने मला परत दिले. आर्विडने मला स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवले. मार्लिस बाहेर गेली आणि शेडमधून लाल पॉलिशची बाटली घेऊन आली. ती तिने माझ्या शेजारी ठेवली.

"ही माझ्या ड्रॉवरमध्ये असते," ती म्हणाली. "शेडमध्ये कशी गेली?"

आर्विडने बाटली बाजूला सरकवली.

"मी कोणाला सांगणार नाही. पण तू गप्प बसलास तर या घरात मी तुझ्यासमोर जेवायला कशी बसू, ते मला सांग."

आर्विड उठला. त्याने कोट घातला, मला उचलले आणि तो व्हर्नाच्या घरी गेला.

व्हर्नाने दार उघडले. मला पाहून ती एक पाऊल मागे सरकली, पण तिने त्याला आत घेतले. आर्विड बसला नाही. उभ्या उभ्याच बोलला.

"त्यानं विचारलं होतं, चापाला हात लावलास का म्हणून. मी नाही म्हणालो. त्याचं कुलूप मी तोडलं, आणि परत लावून ठेवलं. त्याला दिसू नये म्हणून."

व्हर्नाने दार लावून घेतले.

"आणि शेवटी तुझं नाव नाही घेतलं त्यानं. त्यानं विचारलं, हात लावला होतास ना? मी मान हलवली. एवढंच."

व्हर्नाचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो पांढरा पडला.

"तेवढं तरी मला ठेवायचं होतंस," ती म्हणाली. "झोपताना मी तेवढंच जवळ घेत होते. तेही तूच दिलंस, आणि तूच काढून घेतलंस."

"तू सांगशील ते हिचं करतो. कापून टाकतो. नदीत फेकतो."

"नाही." तिचा आवाज चढला. "तोडलीस की तू सुटलास. तू सुटायचं नाहीस, आर्विड. घरी ने तिला. दर रविवारी पुस. तेल लाव. गंज चढू द्यायचा नाही. आणि पुसताना तो काय म्हणाला ते आठवायचं. चल, नीघ."

मित्रांनो, वस्तू अडगळीत पडतात, त्यांना कोणी विचारत नाही, अशा गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. माझे तसे झाले नाही. मला दर रविवारी तेल मिळाले. नळीत कधी ठिपकासुद्धा पडला नाही. पण त्या शेडमध्ये पुन्हा कोणी हसले नाही. शेतात गोफर वाढले. आर्विडने लसूणघास सोडला आणि ते शेत गुरांना दिले. व्हर्ना चर्चमध्ये ऑर्गन वाजवी, आर्विड मागच्या बाकावर बसे. दोघे एकमेकांशी बोलत नसत. अशी बरीच वर्षे गेली.

मग एका वसंतात व्हर्ना स्वतःच लोकेनच्या अंगणात आली. गाडीतून उतरलीसुद्धा नाही, काच खाली करून बोलली.

"शाळेत मुलांना बंदूक सुरक्षित हाताळायचा वर्ग असतो. शिकवायला माणूस नाही. तू शिकव."

"मी?" आर्विड म्हणाला. "माझ्याकडे मुलं कोण पाठवील?"

"मी सांगेन पाठवायला. ती बंदूकही घेऊन ये. आणि सगळं सांगायचं. मी मागे बसून ऐकणार आहे. काही गाळलंस तर उठून उभी राहीन."

आर्विडने माझ्या बोल्टमधली गोळी झाडणारी पिन काढून टाकली. आता मी फक्त लोखंड आणि लाकूड. शाळेच्या व्यायामशाळेत त्याने मला टेबलावर ठेवले. समोर मुले होती, मागे काही आईबाप होते, आणि शेवटच्या ओळीत व्हर्ना विणकाम घेऊन बसली होती. आर्विडला लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. त्याने घोडीपासून सुरुवात केली आणि बटणाचे सांगितले. लाल थेंबापाशी तो अडखळला. व्हर्नाच्या सुया थांबल्या. मग त्याने तेही सांगितले, आणि आपण 'नाही' म्हणालो तेही.

एका मुलाच्या बापाला राहवले नाही. भला माणूस होता तो. म्हणाला, "मिस्टर लोकेन, मनाला लावून घेऊ नका. अपघात होता. कोणाच्याही हातून झाला असता."

आर्विडने त्याच्याकडे पाहिले. मला वाटले, आता तो मान डोलावील. सगळे खरे ऐकल्यावरही आजवर त्याला कोणी एवढी मऊ उशी दिली नव्हती.

"डेल्मरच्या हातून नसता झाला," तो म्हणाला. "तो आपटून बघायचा. माझ्या हातून झाला."

मागे सुया पुन्हा चालू लागल्या.

तेव्हापासून दर वसंतात आम्ही तिथे जात असू. व्हर्नाला उठून उभे राहावे लागले नाही. तिने त्याला क्षमा केली का, ते मला माहीत नाही. वर्गाबाहेर ती त्याच्याशी बोलल्याचे मी ऐकले नाही. आर्विड वारला तेव्हा ऑर्गन तिनेच वाजवला, असे मार्लिस म्हणाली.

आता मला त्या दोघी म्हाताऱ्या नेतात. मी जड आहे. माझ्या पेटीची पुढची मूठ मार्लिस धरते, मागची व्हर्ना. पायऱ्यांवर दोघी थांबून दम घेतात. "सावकाश गं," एक म्हणते. "मी सावकाशच आहे, तूच ओढतेस," दुसरी म्हणते. टेबलाशी पोचल्यावर मार्लिस मुलांना सांगते, "माझ्या नवऱ्याच्या हातून हिचा नवरा गेला." मग पुढचे व्हर्ना सांगते. तो काय म्हणाला, तेसुद्धा.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या हाती जी वस्तू येईल, तिला जरूर सुधारा. डेल्मरने मला सुधारले तेव्हा त्या मुक्या जिवांचे फरपटणे थांबले, ते मी विसरले नाही. पण तिच्यात तुम्ही काय बदल केला आहे, हे तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळू द्या. त्याने विचारले, आणि खरे सांगायला तुम्हाला लाज वाटली, तर त्या दिवशी ती वस्तू खाली ठेवा आणि घरी जा. गोफर उद्याही उभा राहील.